हळू बोलण्याची शिस्त

आमच्या घरात कुणी कुणाला हळू आवाजात काही सांगितल्याचे मला आठवत नाही. घर तांडापेठेत होते. पुढच्या लांबट खोलीत चार यंत्रमाग, मागे राहण्याची एक खोली आणि तिच्यामागे पत्र्याखाली चूल. माग सकाळी सुरू होत आणि दिवे लागले तरी चालत. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जाई, फणी आपटे, आणि हे चारही मागांवर चाले; एका तालात मात्र नव्हे. पाहुणे कानांवर हात ठेवीत. आम्हाला त्या आवाजाची वेगळी जाणीवच नव्हती. घराला भिंती असतात तसा तो होता. फरशीतून तो तळपायांत येई. माठावर ठेवलेला पेला दिवसभर किणकिणत राही. मधेच लाइन गेली, वीज बंद पडली, की पाळण्यातले मूल दचकून जागे होई आणि रडू लागे. शांततेने जागे होणारी मुले मी फक्त आमच्या गल्लीत पाहिली.

अशा घरात बोलण्याचे दोनच मार्ग असतात. पहिला म्हणजे समोरच्याच्या कानाशी जाऊन ओरडणे. दुसरा, मुळीच न बोलणे. दुसऱ्या मार्गाची आमच्याकडे पूर्ण तयारी होती. हवेत दोन बोटे फिरवली की कांडीवरचे सूत संपले. कानाची पाळी ओढली की दाराशी कुणी उभे आहे. नाकपुडीला बोट लावले की शेजारच्या काकू आल्या, कारण त्यांची नथ मोठी होती. आणि लगेच डोळे मिटले तर त्या बराच वेळ बसणार आहेत. काकूंना ही खूण ठाऊक होती. त्या स्वतःच दारातून नाकपुडीला बोट लावून आत येत. अंगठा ओठांकडे नेऊन मान किंचित मागे टाकली की पाणी. ही खूण मी बोलायला शिकण्याआधी शिकलो असेन.

बाबा उंच, वाळलेले, भुवयांवर कायम सुताची बारीक धूळ. ते कमी बोलत. बोलले की खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेल असे बोलत. मागांमधून फिरताना प्रत्येकाच्या सांगाड्यावर ते क्षणभर तळहात ठेवीत. डोळे दुसरीकडे असत. हाताला कळले की मान हलवीत आणि म्हणत, "बरोबर चालून राहिला." कळले नाही तर माग थांबवीत. माय आणि माझी थोरली बहीण सुमनताई मागच्या खोलीत रहाटावर कांड्या भरीत. शाळेतून आल्यावर मीही भरीत असे.

जेवण आळीपाळीने होई, कारण माग जेवणासाठी थांबत नसत. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ताटावर दुसरे ताट पालथे घालावे लागे, नाहीतर घास घेईपर्यंत भाकरीवर सुताचे तंतू बसत. बाबा उभ्यानेच, मागाकडे तोंड करून जेवत. आठवड्यातून एक दिवस आमच्या भागाची लाइन बंद असे. त्या दिवशी मटण शिजे. माय पाट्यावर मसाला वाटी तेव्हा त्याचा खसखस आवाज मला फार मोठा वाटे, कारण त्या दिवशी दुसरा आवाज नसे. रस्सा इतका तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी येई. सगळे एका पंगतीत बसत, आणि घर शांत असूनही एकमेकांशी ओरडूनच बोलत. "अजून एक भाकर दे वं!" असे बाबा हातभर अंतरावरच्या मायला सांगत, ते चौकातल्या माणसाला कळे.

मग मी शाळेत गेलो.

शाळा आमच्याच पेठेत होती, मुलांची आणि मुलींची एकत्र, कौलारू, समोर कडुनिंब. बाहेरच्या भिंतीवर गेरूने नियम लिहिलेले होते. वेळेवर यावे. हातपाय स्वच्छ धुवावेत. रांगेत चालावे. परवानगीवाचून जागा सोडू नये. या सगळ्यांच्या वर, सर्वांत ठळक अक्षरांत, हळू बोला. पहिल्या इयत्तेत मला हे वाचता येत नव्हते. वाचता आले तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आमच्या घरात हळू बोले तो आजारी असे. वर्गातली काही मुले हळू बोलत. ती ज्यांच्या घरी माग नव्हते अशा घरची होती, हे पुढे समजले. त्यांना बरे वाटत नसावे अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

आमच्या वर्गाला पांढरीपांडे बाई होत्या. महाल या वस्तीतून चालत येत. पांढरी सुती साडी, हातात काळी छत्री, आवाज इतका खालचा की वर्ग आपोआप पुढे झुके. त्या छडी वापरीत नसत. नियम मोडणाऱ्याने बाहेर ओसरीवर कडुनिंबाकडे तोंड करून उभे राहायचे, एवढीच शिक्षा. छडी बरी, असे मुलांचे मत होते. ती लवकर संपते.

हजेरीला माझे नाव आले की मी ओरडून "हजर" म्हणे. आढ्यावरची कबुतरे उडत. शेजारच्या वर्गातले पाढे थांबत.

"गोपाळ, भांडायला आला आहेस का?"

"नाही बाई!" हे आधीच्याहून मोठे, कारण मी घाबरलेला असे.

"भोंगा वाजला बे, सुट्टी झाली," असे मागून कुणीतरी म्हणे आणि वर्ग हसे. भोंगा हे माझे नाव पडले. मी आवाज खाली आणण्याचा प्रयत्न करी, तेव्हा नुसते ओठ हलत आणि काहीच ऐकू येत नसे. मग बाई म्हणत, "आता काय पुटपुटतोस?" माझ्याजवळ दोनच आवाज होते, एक मागांच्या खोलीतला आणि एक मुका. मधला आवाज म्हणून काही असतो आणि तो कुठे सापडतो, हे मला कुणी दाखवले नव्हते. मी ओसरीवर इतका उभा राहिलो की कडुनिंबाच्या सालीवरच्या भेगा मला पाठ होत्या.

तेव्हा मी माझ्या समजुतीने उपाय काढला. शाळेत तोंड उघडायचेच नाही. एका दुपारी तहान लागली. बाई फळ्याकडून वळल्या तेव्हा मी उभा राहिलो, त्यांच्याकडे पाहिले, अंगठा ओठांकडे नेला आणि मान मागे टाकली.

मुले बाकांवर हात आपटून हसली. मागाच्या घरची मुलेही हसली. घरची खूण शाळेत पाहिली की तीही वेगळी दिसते. बाहेरच्या जगात त्या खुणेचा अर्थ दारू असा होतो, हे मला माहीत नव्हते. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला ओसरीवर पाठवले नाही. दंडाला धरून हेडमास्तरांपुढे नेले.

हेडमास्तर स्थूल, शांत गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतले आणि मला विचारले, "बाईंना हे असले चाळे करून दाखवतोस?"

"मी पाणी मागतलं जी!" मी म्हणालो. बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या पोरांनी मान वर केली.

"पाहिलंत?" हेडमास्तर बाईंना म्हणाले. मग मला म्हणाले, "बापाला घेऊन ये. नाही आला, तर नाव कमी करीन."

घरी मी हे मायला तिच्या कानात ओरडून सांगितले. मायने खुणेने बाबांना सांगितले. त्या खुणेत शाळा म्हणजे पाटीवर लिहिण्याची नक्कल होती, आणि नाव कमी करणे म्हणजे तीच पाटी पुसण्याची. बाबांना समजले. त्यांनी माग थांबवला नाही.

"काढत असन नाव, तर काढू दे," ते म्हणाले. "इथं तो कांड्या भरन. दोन-चार वर्सांनी मागावर उभा राहीन."

माय रहाट सोडून उठली. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "सुमनले नाई धाडलं. आता याले तरी शिकू दे. ह्या घरात एक जण तरी मागाबाहेर राह्यला पाह्यजे."

"मंग तूच जाय."

"मी काय बोलू तिथं? माह्या आवाजानं तर आजच नाव कटन!"

सुमनताई हसली. बाबाही हसले असावेत. त्यांनी पाठ फिरवली होती. पण कुणी शाळेत गेले नाही. लाइन असताना माग सोडून जाणे बाबांना जमणारे नव्हते, आणि मायला धीर होत नव्हता. मी रोज एकटाच जाई आणि हेडमास्तरांच्या खोलीसमोरून मान खाली घालून जाई. घरी परतलो की रहाटाकडे पाही. तो माझी वाट पाहत आहे असे वाटे. शाळा मला आवडत होती असे मी म्हणणार नाही. पण पुस्तकाचा वास आवडत होता, आणि दुपारच्या सुट्टीनंतर बाई गोष्ट सांगत ती आवडत होती. वर्गात ती नीट ऐकू येत नसे, म्हणून मी त्यांच्या ओठांवरून वाचत असे. हे त्यांना माहीत नव्हते.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, "चल. तुझे वडील येत नाहीत, तर मी येते." मी पुढे आणि त्या मागे छत्री धरून, असे आम्ही गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंनी माग चालू होते. मी एकदा वळून पाहिले. बाईंनी पदराने कान झाकले होते.

घरात त्या दाराशीच थांबल्या. मी कानाची पाळी ओढली. बाबांनी पाहिले, डोक्यावरची धूळ झटकली, हात जोडले आणि खाटेकडे बोट केले. बाई बसल्या. तेवढ्यात सुमनताई मागच्या दारात आली. घरी आलेल्या माणसाला विचारायचे ते तिने विचारले. अंगठा ओठांकडे नेला, मान किंचित मागे टाकली, आणि भुवया प्रश्नार्थक उंचावल्या.

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग मान हलवली. सुमनताईने पेला भरून आणून दिला. बाई पाणी प्यायल्या आणि रिकामा पेला बराच वेळ हातात धरून बसल्या. खाटेच्या दांडीतून येणाऱ्या कंपाने तो त्यांच्या बांगड्यांवर वाजत होता.

त्यांना बोलायचे होते. त्यांनी बोलून पाहिले. बाबा वाकून म्हणाले, "काय म्हन्ता जी?" बाई थोड्या मोठ्याने बोलल्या. बाबांनी कानामागे हात धरला. तेव्हा बाई उभ्या राहिल्या, छत्री खाटेवर ठेवली, आणि त्यांच्या अंगात होता तेवढा सगळा आवाज काढून म्हणाल्या, "तुमचा मुलगा वर्गात फार मोठ्याने बोलतो!"

आणि लाइन गेली.

सगळी गल्ली एकदम थांबली. बाईंचे वाक्य तेवढे त्या शांततेत उभे राहिले. पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारले, "कोन बोंबलून राह्यलं बे?"

"शाळेतल्या बाई आल्या गा!" बाबांनी उत्तर दिले, तेही ओरडूनच. दोन-तीन घरांतून हसण्याचे आवाज आले. नथवाल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी नाकपुडीला बोट लावले नाही. बाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत आहेत असे वाटून माय घाबरली. त्या हसत होत्या. मी त्यांना पूर्वी हसताना पाहिले नव्हते.

लाइन येईपर्यंत त्या बसल्या. बाबा म्हणाले, "पोरगं उद्धट नाई जी. पन त्याले हळू बोलाची सवय लागन कुठून? इथं हळू बोलनारा उपाशी राह्यते."

"तुम्हाला स्वतःला नीट ऐकू येतं का?"

"लागते तेवढं येते."

"आणि शाळेने याचं नाव काढलं तर?"

"मागावर घेतो." मग बाबा मायकडे न पाहता म्हणाले, "राहू द्या तुमच्यापाशी. तिची इच्छा हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सुट्टीत ओसरीवर बोलावले. नियम माझ्यासाठी सैल होईल अशी माझी अपेक्षा होती. तो झाला नाही. "नियम सगळ्यांना सारखा," त्या म्हणाल्या. "पण तुला मोजता येत नाही. ते शिकवते." त्यांनी माझा उजवा हात उचलला आणि माझ्याच गळ्यावर, घाटीखाली ठेवला. "बोल."

मी नाव सांगितले. हातात माग चालला.

"हे चार माग झाले. आता तीन बंद कर."

मला कळले. कानाने कधी कळले नसते. हाताने लगेच कळले. तेव्हापासून सुट्टीत हेच चाले. मी ओसरीवर, बाई कडुनिंबाखाली. मी धड्यातले एक वाक्य म्हणायचे. ऐकू आले की त्या छत्री उचलायच्या, फार झाले की आडवी धरायच्या. वर्गातही त्या मधूनच, फळ्यावर लिहिता लिहिता म्हणत, "गोपाळ, एक माग बंद." पुढे इतरांनाही त्या हेच म्हणू लागल्या, आणि भोंगा हे नाव हळूहळू मागे पडले.

अलीकडे नातीच्या शाळेतून सुनेच्या फोनवर निरोप आला. मुलगी वर्गात गरजेपेक्षा मोठ्याने बोलते, घरी लक्ष द्यावे. सून ओशाळली. मोठ्याने बोलण्याचे कारण सगळ्यांना माहीत होते आणि कुणी ते काढत नव्हते. माझे कान आता यंत्राशिवाय चालत नाहीत, यंत्र मी आळसाने लावत नाही, आणि म्हणून या घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. मी दुपारी नातीला बोलावले, तिचा हात तिच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणालो, "बोल." तिने मला चार माग म्हणजे काय ते विचारले. सांगायला बराच वेळ लागला. यंत्र आता सकाळी लावतो.

मी कमी बोलतो आणि खाली बोलतो, याबद्दल लोकांचे माझ्याविषयी मत बरे नाही. नोकरीत मला गर्विष्ठ समजत. बोलताना माझा हात कॉलरकडे जातो, त्याचाही निरनिराळा अर्थ लावला जातो. मी खुलासा केलेला नाही.

तेव्हा शाळेत हेडमास्तरांचा निर्णय मात्र बाकी होता. बाईंनी त्यांच्याकडून मुदत मागून घेतली होती. आमच्या भागाची लाइन बंद असण्याच्या दिवशी बाबांना बोलावणे गेले. ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले. खोलीत खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले. हेडमास्तरांनी माझ्यापुढे पुस्तक सरकवले. "वाच."

मी हात गळ्यावर ठेवला.

"हे काय?"

"असू द्या," बाई म्हणाल्या.

मी वाचले. पहिल्या वाक्याला दोन माग चालले. दुसऱ्यापासून एकच. धडा एका विहिरीविषयी होता, तो मला आजही येतो. खिडकीबाहेर पोरे खेळत होती, त्यांच्यापैकी कुणी मान वर केली नाही. मी पान उलटले. हेडमास्तरांनी हात वर केला.

"पुरे. बसू दे याला वर्गात."

बाईंनी छत्री उचलली.

बाबा आणि मी गल्लीने परत निघालो. माग बंद होते. घराघरांतून मटणाचा वास येत होता. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते काहीतरी म्हणतील असे वाटत होते. बऱ्याच वेळाने ते थांबले.

"तू वाचलं का तिथं?"

"हो."

"मले काईच ऐकू नाई आलं." त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "तुहे ओठ हलत होते तेवढे दिसले. मास्तर म्हने पुरे. म्हनून समजलो का वाचलं असन."

मी उभा राहिलो. मला मोठ्याने वाचून दाखवता आले असते. गल्ली आमचीच होती. तिथे कुणी मला ओसरीवर उभे केले नसते. मी तोंड उघडले, तेवढ्यात त्यांनी मान हलवली. नको. मग ते वाकले आणि त्यांनी आपला तळहात माझ्या गळ्यावर ठेवला. हात खरखरीत होता, त्याला तेलाचा वास होता. डोळे दुसरीकडे, गल्लीच्या टोकाकडे होते.

"आता वाच. तिथं वाचलं तसंच."

धडा मला पाठ होता. मी पहिल्यापासून म्हटला, एकाच मागावर. नथवाल्या काकू कुडाशेजारी भांडी घासत होत्या, त्या घासायच्या थांबल्या. त्यांनाही काही ऐकू आले नसेल. विहीर संपेपर्यंत बाबांनी हात काढला नाही.

"बरोबर चालून राहिला," ते म्हणाले, आणि आम्ही घरी जेवायला गेलो.